प्रेअरीचे आभाळ आणि अंदाजाची मर्यादा

शालेय भूगोलात ‘गव्हाचे कोठार’ म्हणून परिचित झालेला उत्तर अमेरिकेतील प्रेअरी हा गवताळ प्रदेश भारतीय ग्राहकाच्या स्वयंपाकघरापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला आहे. रगड्यासाठी लागणारा पांढरा वाटाणा आणि आमटीतील मसूर यांच्या भारतातील आयातीचा मोठा हिस्सा अनेक वर्षे कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतून येत आला आहे. ज्या आभाळाखाली ही पिके वाढतात, त्याचा स्वभाव मात्र आपल्या परिचयाच्या मोसमी आभाळापेक्षा अगदी निराळा आहे. तेथे ठरावीक दिशेने आणि ठरावीक काळात येणारा मान्सून नाही. पिकाला मिळणारे दहिवरमुक्त दिवस जेमतेम शंभर ते सव्वाशे. त्यातच अवर्षण, गारपीट, अकाली थंडी आणि वसंतातील पूर यांपैकी कोणते संकट कधी उभे राहील, याचा नेम नाही. त्यामुळे हवामानाचा अंदाज हे या प्रदेशात ट्रॅक्टरइतकेच महत्त्वाचे अवजार ठरले आहे. त्याचबरोबर अंदाजाची मर्यादा विसरल्यास काय घडते, याचेही धडे याच प्रदेशाने जगाला दिले आहेत.

प्रदेश आणि पर्जन्यमान

कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा हे तीन प्रांत ‘प्रेअरी प्रांत’ म्हणून ओळखले जातात. देशाच्या एकूण शेतजमिनीपैकी सुमारे चार पंचमांश जमीन या तीन प्रांतांत आहे. पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत, उत्तरेला ध्रुवप्रदेशापर्यंत जवळजवळ मोकळे रान आणि दक्षिणेला थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेली मैदाने, अशी या प्रदेशाची रचना आहे. उत्तर-दक्षिण दिशेने आडवा येणारा एकही मोठा पर्वत नसल्याने ध्रुवीय थंड हवा आणि आखाताकडील उष्ण, दमट हवा या दोन्हींना येथे मुक्तद्वार आहे. तापमानातील तीव्र चढउतारांचे हेच मुख्य कारण होय. सस्कॅचवानची राजधानी रेजायना येथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे १५ अंश सेल्सियसच्या आसपास, तर जुलैचे सरासरी तापमान १९ अंशांच्या आसपास असते. थंडीच्या लाटेत पारा उणे ४० पर्यंत उतरतो. याउलट ५ जुलै १९३७ रोजी याच प्रांतातील मिडेल आणि यलो ग्रास या गावांत ४५ अंश तापमान नोंदवले गेले. तो देशातील उच्चांक २०२१ पर्यंत अबाधित राहिला.

पॅसिफिक महासागरावरून येणारी दमट हवा रॉकी पर्वत ओलांडताना आपले बहुतेक बाष्प पश्चिम उतारावरच टाकून येते. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटावचा भाग जसा पर्जन्यछायेत येतो, तसाच प्रेअरीचा दक्षिण भाग रॉकीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील वार्षिक पर्जन्यमान साधारण ३०० ते ५०० मिलिमीटर इतकेच आहे. पश्चिमेकडील मेडिसिन हॅट परिसरात ते कमी, तर पूर्वेकडील विनिपेगमध्ये अधिक असते. त्यापैकी चौथा ते तिसरा हिस्सा हिमाच्या रूपाने पडतो. दक्षिण प्रेअरीच्या बहुतेक भागात जून हा सर्वाधिक पावसाचा महिना. मे महिन्यात पेरलेले पीक याच महिन्यात भराभर वाढते. म्हणूनच जून कोरडा गेला, तर पुढील पावसाने ते नुकसान क्वचितच भरून निघते.

पाऊस येतो कोठून?

प्रेअरीवरील पावसाची सूत्रे जमिनीपासून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या ‘जेट प्रवाहा’च्या हाती असतात. हा प्रवाह सरळ रेषेत न वाहता नागमोडी वळणे घेतो. वळण दक्षिणेकडे झुकले की रॉकीच्या पूर्व पायथ्याशी कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात, आखाताकडील दमट हवा उत्तरेकडे खेचली जाते आणि सर्वदूर पाऊस पडतो. वळण उत्तरेकडे फुगले की प्रेअरीवर जास्त दाबाची हवा ठाण मांडते. अशा वेळी हवा खाली उतरते, तापते, ढग विरतात आणि पाऊस देणारी क्षेत्रे वळसा घालून उत्तरेकडून निघून जातात. ही स्थिती काही दिवस टिकली तर उन्हाची ताप होते. ती आठवडेच्या आठवडे टिकली, तर तिचे अवर्षण होते.

उन्हाळ्यातील पावसाचा दुसरा स्रोत म्हणजे गडगडाटी वादळे. त्यांना लागणारे काही बाष्प खुद्द पिकेच पुरवतात. जुलैमध्ये गहू व कॅनोला यांची लाखो हेक्टरवरील हिरवी पाने जमिनीतील ओलावा शोषून हवेत सोडतात आणि त्यामुळे वादळी ढगांना बळ मिळते. जमीन कोरडी असेल तर हा पुरवठाही आटतो. अवर्षण एकदा सुरू झाले की ते स्वतःलाच पोसत जाते, असे म्हणतात ते यामुळेच.

एल निनो आणि ला निना यांचा प्रभाव येथेही जाणवतो, पण तो मुख्यतः हिवाळ्यात. एल निनोच्या वर्षी पश्चिम कॅनडाचा हिवाळा बहुधा सौम्य आणि कमी हिमाचा जातो. ला निनाच्या वर्षी तो बहुधा अधिक थंड असतो. उन्हाळी पावसाशी मात्र या घटकांचे नाते क्षीण आहे. भारतीय मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजात एल निनोला जे स्थान आहे, ते प्रेअरीच्या जून महिन्याबाबत त्याला देता येत नाही.

चिनूक आणि ‘क्लिपर’

हिवाळ्यात दक्षिण अल्बर्टावर वाहणारे चिनूक वारे ‘हिमभक्षक’ म्हणून पाठ्यपुस्तकात भेटतात. पर्वताच्या पश्चिम उतारावर चढणारी दमट हवा दर किलोमीटरला साधारण ६ अंशांनी थंड होते, कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. तीच हवा कोरडी होऊन पूर्वेकडे उतरताना मात्र दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. परिणामी ती मूळ तापमानापेक्षा अधिक उष्ण होऊन मैदानात पोहोचते. काही तासांत तापमान वीस अंशांनी वाढणे कॅलगरी शहराला नवीन नाही. पश्चिम क्षितिजावर दिसणारी ढगांची कमान ही चिनूकची खूण मानली जाते.

शहरवासीयांना सुखावणारा हा वारा शेतकऱ्यासाठी संमिश्र वरदान आहे. चाऱ्यावरील हिम वितळल्याने जनावरांना चरता येते, परंतु हिमाचे पांघरूण गेल्यावर शरदात पेरलेल्या गव्हाची रोपे पुढील थंडीच्या लाटेत उघडी पडतात. शिवाय वसंतात मातीला मिळावयाचा ओलावा हवेतच उडून जातो.

याच पर्वतपायथ्याशी निर्माण होऊन वेगाने आग्नेयेकडे धावणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांना ‘अल्बर्टा क्लिपर’ म्हणतात. ती थोडे हिम, जोरदार वारा आणि मागोमाग कडाक्याची थंडी आणतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या बाजूने येणारी क्षेत्रे मात्र आखातातील बाष्प सोबत घेऊन येतात. मॅनिटोबातील मोठी हिमवादळे बहुधा त्यांचीच असतात.

गारांचा पट्टा

मध्य व दक्षिण अल्बर्टात, विशेषतः कॅलगरी आणि रेड डिअर या शहरांदरम्यानचा भाग ‘गारपिटीचा पट्टा’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. खालच्या थरात दमट हवा, वर पर्वतावरून येणारी थंड हवा आणि उंचीनुसार बदलणारा वारा हे तिन्ही घटक येथे एकत्र येतात. १ ऑगस्ट २०२२ रोजी मार्करव्हिल गावाजवळ सापडलेल्या गारेचे वजन २९२.७१ ग्रॅम भरले. कॅनडातील ती सर्वांत वजनदार नोंदलेली गार होय. ५ ऑगस्ट २०२४ रोजी कॅलगरीवर कोसळलेल्या गारपिटीत विमा उतरवलेल्या मालमत्तेचे सुमारे ३ अब्ज कॅनेडियन डॉलरचे नुकसान झाले.

गारपिटीवरील शास्त्रीय अभ्यासासाठी १९५६ ते १९८५ या काळात अल्बर्टात दीर्घ प्रकल्प राबवण्यात आला. १९९६ पासून विमा कंपन्यांच्या खर्चाने विमानातून ढगांत सिल्व्हर आयोडाइडचे बीजारोपण सुरू झाले. महाराष्ट्रात असे प्रयोग पाऊस पाडण्यासाठी झाले. अल्बर्टात त्यांचा हेतू गारांचा आकार लहान ठेवणे हा आहे आणि रोख पिकांपेक्षा शहरांवर आहे. त्यांच्या परिणामकारकतेबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

वादळांचे दुसरे रूप म्हणजे टोर्नॅडो. ३० जून १९१२ रोजी रेजायना येथे २८ जणांचा, तर ३१ जुलै १९८७ रोजी एडमंटन येथे २७ जणांचा त्यात बळी गेला. एडमंटनच्या दुर्घटनेनंतर अल्बर्टात तातडीच्या सार्वजनिक इशाऱ्याची यंत्रणा उभी राहिली.

पॅलिसर आणि मॅकून

प्रेअरीच्या हवामानाचा पहिला मोठा ‘अंदाज’ कोणत्याही वेधशाळेने वर्तवला नव्हता. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहिमेने या प्रदेशाची पाहणी केली. दक्षिणेकडील विस्तीर्ण त्रिकोणी भाग शेतीसाठी फार कोरडा आहे, असा निष्कर्ष मोहिमेने काढला. हा भाग आजही ‘पॅलिसर त्रिकोण’ या नावाने ओळखला जातो. १८७० च्या दशकात व १८८० च्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मॅकून तेथे फिरले, तेव्हा चांगल्या पावसाची वर्षे चालू होती. हिरवेगार गवत पाहून त्यांनी हीच जमीन गव्हासाठी उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. कॅनडाच्या पॅसिफिक रेल्वेचा मार्ग १८८१ मध्ये दक्षिणेकडे वळवण्याच्या निर्णयाला त्यांच्या मताने बळ मिळाले. १८८५ मध्ये रेल्वे पूर्ण झाली आणि पुढील दशकांत वसाहतकारांचे लोंढे आले.

पॅलिसर आणि मॅकून या दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलेच लिहिले होते. एकाने कोरड्या वर्षांवरून, तर दुसऱ्याने ओल्या वर्षांवरून कायमचे हवामान ठरवले. त्याची किंमत वसाहतकारांनी मोजली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेल्या अवर्षणात आग्नेय अल्बर्टातील हजारो कुटुंबांनी शेते सोडली. १९३० च्या दशकात तर मातीच उडाली. धुळीच्या वादळांनी आकाश काळवंडले आणि १९३१ ते १९४१ या दहा वर्षांत सुमारे अडीच लाख लोक प्रेअरी सोडून गेले. १९३५ मध्ये केंद्र सरकारने प्रेअरी शेतीच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र प्रशासन स्थापन केले. झाडांच्या वार्षिक वलयांच्या अभ्यासातून पुढे असेही दिसून आले, की वसाहतीपूर्वीच्या शतकांत या प्रदेशाने त्याहूनही दीर्घ अवर्षणे अनुभवली होती.

अंदाज कसा तयार होतो?

कॅनडाची हवामान सेवा १८७१ मध्ये सुरू झाली. आज तिचे मुख्य संगणकीय केंद्र क्वेबेक प्रांतातील डॉरव्हाल येथे आहे. उपग्रह, रडार, हवामान फुगे, विमाने व भूपृष्ठावरील केंद्रे यांच्याकडून आलेल्या नोंदी तेथे महासंगणकात भरल्या जातात. वातावरणाची चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, बाष्प आणि वारा यांची पुढील स्थिती गणिताने काढली जाते. जागतिक प्रारूपाची चौकट सुमारे १५ किलोमीटरची, तर दोन दिवसांपर्यंतच्या सूक्ष्म प्रारूपाची अडीच किलोमीटरची असते.

सुरुवातीच्या नोंदीत किंचित त्रुटी असली, तरी ती दिवसागणिक वाढत जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये हे गणिताने दाखवून दिले. यावर उपाय म्हणून एकच गणित न करता आरंभीच्या स्थितीत अल्प फेरफार करून अनेक गणिते केली जातात. सर्वांची उत्तरे जुळली तर अंदाजावर भरवसा अधिक, फाकली तर कमी. साधारण पाच दिवसांपर्यंतचा अंदाज आज बराच विश्वासार्ह असतो. दोन आठवड्यांपलीकडे विशिष्ट दिवसाचे हवामान सांगणे शास्त्राच्या आवाक्याबाहेर आहे. तेथून पुढे ‘सरासरीपेक्षा अधिक’ वा ‘कमी’ होण्याची शक्यता तेवढी सांगता येते.

उन्हाळी वादळांचा प्रश्न आणखी निराळा. दहा-पंधरा किलोमीटर रुंदीचे वादळ एका शेताला झोडपते आणि शेजारचे शेत कोरडे ठेवते. ते नेमके कोठे उठेल हे आदल्या दिवशी कळत नाही. ते उठल्यानंतर सुमारे २४० किलोमीटर टप्प्याच्या डॉप्लर रडारवर त्याचा माग काढता येतो आणि त्याआधारे इशारा देता येतो.

४९ फुटांचा धडा

अंदाज देणे आणि तो समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९९७ च्या पुराने दाखवून दिले. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा व मिनेसोटा राज्यांच्या सीमेवरून वाहणारी रेड नदी उत्तरेकडे, मॅनिटोबात जाते. वसंतात दक्षिणेकडील उगमाकडचे हिम आधी वितळते, तेव्हा उत्तरेकडील पात्र अद्याप गोठलेले असते. सपाट मैदानात हे पाणी मैलोगणती पसरते. त्या हिवाळ्यात विक्रमी हिम पडले होते. त्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या हिमवादळाची भर पडली.

ग्रँड फोर्क्स शहरासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने पुराची पातळी ४९ फुटांपर्यंत जाईल, असे कित्येक आठवडे आधी सांगितले होते. त्यापेक्षा दोन-तीन फूट उंच बंधारे शहराने घातले. प्रत्यक्षात पाणी ५४ फुटांवर गेले. सुमारे ५० हजार लोकांना घरे सोडावी लागली. अशा अंदाजांत कित्येक फुटांची चूक होऊ शकते, हे तज्ज्ञांना ठाऊक होते. नागरिकांपर्यंत मात्र एकच आकडा पोहोचला आणि तो त्यांनी खात्रीचा मानला. चुकीची मर्यादा जाहीर झाली असती, तर बंधारे किती उंच घालावेत याचा विचार वेगळ्या रीतीने झाला असता. या घटनेनंतर पुराचे अंदाज संभाव्यतेच्या भाषेत देण्यावर भर आला.

नदीच्या उत्तरेकडील विनिपेग शहर त्याच पुरात बहुतांशी वाचले. १९५० च्या पुरानंतर तेथे १९६८ पर्यंत ४७ किलोमीटर लांबीचा पूरकालवा खोदण्यात आला होता. पुढील पूर नेमका किती मोठा येईल हे ठाऊक नसताना मोठी तजवीज करून ठेवण्याचा तो निर्णय होता.

शेतकऱ्याचे गणित

प्रेअरीवरील शेतकरी अंदाजाकडे ‘पाऊस येणार की नाही’ एवढ्यापुरते पाहत नाही. कॅनडाच्या अंदाजातील ‘३० टक्के शक्यता’ याचा अर्थ, त्या विभागातील कोणत्याही एका ठिकाणी किमान ०.२ मिलिमीटर पाऊस पडण्याची शक्यता शंभरात तीस आहे, असा होतो. एवढ्या पावसाने पिकाचे काही बिघडत नाही. म्हणून शक्यतेबरोबर पाऊस किती पडेल हेही पाहावे लागते.

कापणीच्या वेळचा निर्णय उदाहरणार्थ घेता येईल. समजा, किंचित ओलसर मसूर आजच काढून यंत्राने वाळवण्यास एकरी १० डॉलर खर्च येतो आणि थांबल्यास पावसाने दाण्याचा रंग जाऊन एकरी ४० डॉलर बुडतात. खर्चाला संभाव्य नुकसानीने भागले असता पाव, म्हणजे २५ टक्के, हे उत्तर येते. नुकसानकारक पावसाची शक्यता त्याहून अधिक असेल तर आज कापणी करणे हिताचे, कमी असेल तर थांबणे हिताचे. कधी तरी निर्णय चुकेलच, परंतु अनेक हंगामांच्या हिशेबात हा मार्ग फायद्याचा ठरतो. शक्यता न सांगता नुसते ‘पाऊस येईल’ म्हणणारा अंदाज या गणितासाठी निरुपयोगी असतो.

जेथे अंदाज पुरा पडत नाही तेथे शेतीपद्धतीने भार उचलला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स साँडर्स यांनी निवडलेला ‘मार्क्विस’ गहू जुन्या ‘रेड फाइफ’पेक्षा आठवडाभर ते दहा दिवस आधी तयार होई. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमधील दहिवरातून तो वाचू लागला. या वाणाच्या मातापित्यांपैकी एक भारतातून गेलेला ‘हार्ड रेड कलकत्ता’ गहू होता, ही बाब उल्लेखनीय आहे. पुढे नांगरट न करता जुन्या धसकटातच पेरणी करण्याची पद्धत रूढ झाली. धसकटे हिम अडवतात, माती धरून ठेवतात आणि ओलावा टिकवतात. ओलाव्यासाठी जमीन एक वर्ष पडीक ठेवण्याची प्रथा त्यामुळे मागे पडली आणि त्या जागी कडधान्ये आली. सस्कॅचवान विद्यापीठात अल् स्लिंकार्ड यांनी विकसित केलेला ‘लेअर्ड’ मसूर १९७८ मध्ये आला आणि कॅनडा मसुराचा मोठा निर्यातदार होण्याचा मार्ग खुला झाला. याखेरीज पीकविम्याचा हप्ता शेतकरी, प्रांत आणि केंद्र सरकार मिळून भरतात.

२०२१ आणि पुढे

इतकी तजवीज असूनही २०२१ चा उन्हाळा प्रेअरीला जड गेला. जूनअखेरीस पश्चिम कॅनडावर जास्त दाबाची उष्ण हवा घुमटासारखी बसली आणि ऐन फुलोऱ्यात पिके करपली. त्या वर्षी गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक घटले, मसुराचे ४० टक्क्यांहून अधिक, तर वाटाण्याचे जवळपास निम्म्यावर आले. उष्णतेची लाट येणार हे प्रारूपांनी काही दिवस आधी सांगितले होते. परंतु मे महिन्यात पेरणी करताना ती कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

१९४८ ते २०१६ या काळात प्रेअरीचे वार्षिक सरासरी तापमान १.९ अंशांनी वाढले आणि त्यात हिवाळ्यातील वाढ सर्वाधिक आहे. दहिवरमुक्त काळ लांबल्याने काही पिकांना वाव मिळाला. मात्र उष्ण हवा मातीतील ओलावा अधिक वेगाने शोषते. त्यामुळे तेवढ्याच पावसात पूर्वीपेक्षा तीव्र अवर्षण संभवते. जुन्या नोंदींवरून ‘सर्वसाधारण वर्ष’ ठरवण्याची मॅकून यांची चूक नव्या रूपात पुन्हा होण्याचा धोका आहे, तो येथे.

भारतातील डाळींचे भाव केवळ या आभाळावर ठरत नाहीत. देशातील पीक, ऑस्ट्रेलिया व रशियातील उत्पादन आणि आयातशुल्क यांचाही त्यात वाटा असतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याला शुल्कमुक्त प्रवेश दिला. अशा निर्णयांनी प्रेअरीवरील पेरणीची गणिते बदलतात. तरीही वाशीच्या घाऊक बाजारावर लक्ष ठेवणाऱ्यांनी प्रेअरीचे वेळापत्रक ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. एप्रिलमध्ये मातीतील ओलावा, जूनमध्ये पाऊस, जुलैमध्ये जास्त दाबाचा मुक्काम, ऑगस्टअखेर दहिवर आणि सप्टेंबरमध्ये कापणीचे कोरडे दिवस, या पाच टप्प्यांवर तेथील हंगाम ठरतो. यांपैकी प्रत्येक टप्प्याचा भरवशाचा अंदाज आठवडाभर आधीच मिळू शकतो. त्याहून आधी कोणी खात्रीने सांगत असेल, तर त्या खात्रीबरोबर चुकीची मर्यादाही विचारून घ्यावी.